साऱ्या म्हाताऱ्यांचे कुलूप

कुलूप बरोबर होते. किल्लीही बरोबर होती. तरी कुलूप उघडत नव्हते.

ते लोखंडाचे असते तर केळुसकर आजोबांनी त्यात दोन थेंब तेल सोडले असते आणि किल्ली हलक्या हाताने फिरवून पाहिली असती. पण हे कुलूप होते एका संकेतस्थळावर आणि त्याची किल्ली म्हणजे एक वाक्य होते. आजोबांनी सकाळपासून ते वाक्य पुन्हा पुन्हा देऊन पाहिले होते. दर वेळी पडद्यावर तीच लाल अक्षरे उमटत : ‘ही किल्ली या पेटीची नाही.’

“चिमटा, तू नीट लिहितोयस ना रे?” आजोबांनी विचारले.

“मी नेहमीच नीट लिहितो,” चिमटा म्हणाला. चिमटा हा आजोबांच्या घरातला यंत्रमानव. त्याच्या हातांना बोटांऐवजी चिमटे होते, म्हणून नातीने त्याचे नाव चिमटा ठेवले होते. “आपणच आपली स्मरणशक्ती एकदा तपासून पाहावी, ही नम्र सूचना. काल आपण चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होतात.”

“गार करायला ठेवला होता,” आजोबा म्हणाले.

खिडकीत बोरे खात बसलेली नात, अकरा वर्षांची ऋजुता, खुदकन हसली. पण आजोबा हसले नाहीत. ते पुन्हा त्या लाल अक्षरांकडे पाहू लागले. तेव्हा ऋजुताने बोरांची वाटी बाजूला ठेवली आणि ती त्यांच्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली.

“आजोबा, त्या पेटीत आहे तरी काय?”

“घरटी,” आजोबा म्हणाले. “वैजूआत्याची घरटी.”

घळवाडी हे डोंगराच्या पायथ्याचे गाव. गावामागे दोन दऱ्या आहेत, एक सोनघळ आणि दुसरी काळदरी. इथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. एके काळी ती झपाट्याने संपत चालली होती. गुरांना एक वेदनाशामक औषध दिले जाई. ते मेलेल्या गुरांच्या अंगात उरे, आणि ते मांस खाऊन गिधाडे मरत. त्या औषधावर बंदी आली. मग पुष्कळ वर्षांनी थोडी गिधाडे या दऱ्यांत परतली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. म्हणजे घरटे मोडले, की त्या जोडीचे ते वर्ष वाया गेले.

ऋजुताची वैजूआत्या, म्हणजे आजोबांची मुलगी वैजयंती, पक्षीशास्त्रज्ञ होती. दिवाळीनंतर तिने दोन्ही दऱ्या पायी पालथ्या घातल्या, प्रत्येक घरट्याची नेमकी जागा टिपली आणि ती ‘पाखरवाट’ नावाच्या संकेतस्थळावर नोंदवली. मग ती पेंग्विन मोजायला अंटार्क्टिकावर निघून गेली. निघताना तिने आजोबांच्या कानात किल्लीचे वाक्य सांगितले होते. कागदावर ते तिने कुठेच लिहिले नव्हते.

इतक्यात भिंतीवरचा फोन वाजला. पडद्यावर रफीक जमादारांचा चेहरा दिसला. घाटावरच्या ड्रोन केंद्राचे ते प्रमुख होते.

“केळुसकर सर, काही उलगडा?”

“अजून नाही, जमादार.”

“सर, मला संध्याकाळपर्यंत वाट ठरवायलाच पाहिजे. घाटरस्ता दरड पडून बंद झालाय. वरच्या पाच गावांना उद्या सकाळपासून औषधं ड्रोननं जाणार. त्यात एका बाईचं डायलिसिसचं सामान आहे, ते थांबायचं नाही.”

“थांबवा असं मी म्हणणारच नाही.”

“घरटी आहेत हे मलाही ठाऊक आहे हो. पण नुसतं ‘आहेत’ म्हणून ड्रोनला वळवता येत नाही, कुठे आहेत ते सांगावं लागतं. नाहीच कळलं तर मी आपला काळदरीतून पाठवतो. वाट थोडी लांबची पडेल, पण पडू दे. लोकांना गिधाडं सोनघळीवरच घिरट्या घालताना दिसतात, तेव्हा घरटीही तिथंच असणार.”

फोन बंद झाला. ऋजुता म्हणाली, “बरोबर बोलले की जमादारकाका.”

“असतीलही बरोबर,” आजोबा म्हणाले. “आणि नसतील तर? घिरट्या घालायची जागा आणि घर एकच असतं असं थोडंच आहे? तू दिवसभर मैदानावर असतेस. तुझं घर मैदानात आहे का?”

ऋजुताने मान हलवली. मग जरा रागानेच विचारले, “पण आत्यानं कुलूप लावलंच कशाला? बाकीच्या पक्ष्यांच्या नोंदी पाखरवाटवर उघड्याच आहेत की. मी स्वतः आमच्या अंगणातला दयाळ नोंदवलाय.”

आजोबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी आयुष्यभर गुप्तलेखनाचे संशोधन केले होते आणि पाखरवाटचे कुलूपही त्यांनीच बनवले होते. तरी कोणी प्रश्न विचारला, की ते जणू पहिल्यांदाच विचार करत असल्यासारखे उत्तर देत.

“दयाळ कुठे राहतो हे कळल्यानं त्याचं काही बिघडत नाही. पण गिधाडाचं घरटं जगजाहीर झालं तर काय होईल? कोणी फोटो काढायला दोर लावून कड्यावर उतरेल. कोणी अंडी चोरायला येईल. काही जण नुसतेच आरडाओरडा करायला येतील. माणसं जवळ आली की गिधाड घरटं सोडून उडतं आणि पिल्लू उन्हात उघडं पडतं. ज्या माहितीमुळे कुणाला इजा होऊ शकते, तिला आम्ही संवेदनशील माहिती (जपून वापरायची माहिती) म्हणतो. तुझ्या आईच्या आजारपणाची कागदपत्रं, बाबांच्या बँकेचा क्रमांक, गिधाडाचं घरटं, सगळं त्यातच आलं.”

“मग ती संकेतस्थळावर ठेवायचीच नाही!”

“आणि मग आज जमादारांना काय सांगायचं?”

आता ऋजुताला पेच कळला. खरेच, माहिती सगळ्यांपासून लपवायची होती, पण गरज पडली की परत हातात हवी होती. हे दोन्ही एकदम कसे जमायचे?

आजोबांनी तिला जवळची पाटी घ्यायला सांगितली. “लिही, ‘मध’. आता प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतलं पुढचं अक्षर लिही.”

ऋजुताने मनात म्हणून पाहिले. म नंतर य. ध नंतर न. “यन,” ती म्हणाली. “यन म्हणजे काहीच नाही.”

“ज्याला किल्ली ठाऊक नाही, त्याच्यासाठी काहीच नाही. आपली किल्ली आहे ‘एक घर पुढे’. ती ज्याला ठाऊक आहे तो काय करेल?”

“एक घर मागे येईल. य चा म, न चा ध. मध!”

“झालं. याला म्हणतात कूटलेखन (मजकूर गुप्त रूपात बदलणे). आणि किल्लीनं तो परत आणता येतो, म्हणून हे उलटता येणारं कूटलेखन. तुझं हे कुलूप दुसरीतलं पोरही फोडेल, कारण किती घरं पुढे जायचं ते थोड्या प्रयत्नांत ओळखता येतं. पाखरवाटचं कुलूप अक्षरांची इतकी घुसळण करतं, की जगातली सगळी यंत्रं एकत्र बसली तरी किल्लीवाचून ती उलटवता येणार नाही. किल्ली असेल तर मात्र डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं जागच्या जागी.”

“मी बसलो तरी नाही?” चिमट्याने विचारले.

“तू तर उठलास तरी नाही,” ऋजुता म्हणाली.

“मग उलटता न येणारं कूटलेखनही असतं का?” तिने पुढे विचारले.

“त्याला आम्ही कूटलेखन म्हणत नाही, दळण म्हण हवं तर. जोंधळे दळले की पीठ होतं. पिठाचे पुन्हा जोंधळे करता येतात का?”

“नाही.”

“पाखरवाटवर शिरताना तू आपला परवलीचा शब्द देतेस ना? संकेतस्थळ तो शब्द साठवून ठेवत नाही, त्याचं पीठ करून ठेवतं. पुढच्या वेळी तू शब्द दिलास, की पुन्हा दळतं आणि दोन्ही पिठं ताडून बघतं. जुळली, तर ये आत. त्याला मूळ शब्द परत लागतच नाही. म्हणून तिथे दळणच चांगलं. पीठ चोरीला गेलं तरी चोराच्या हाती जोंधळे लागत नाहीत.”

“पण घरट्यांचं दळण केलं असतं तर...”

“तर आज आपल्याकडे पीठ असतं, घरटी नसती,” आजोबा म्हणाले. “जे फक्त ताडून बघायचं ते दळावं. जे परत हवं आहे ते कुलपात ठेवावं. एवढं कळलं तरी पुष्कळ कळलं.”

“आणि किल्ली? ती कुठे ठेवतात?”

“तू सांग.”

“पेटीजवळ... नाही, नाही! पेटीजवळ ठेवली तर पेटी चोरणाऱ्याला किल्लीही मिळेल.”

“शाबास. पुष्कळ मोठी माणसं हीच चूक करतात. दाराला कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली! म्हणून पाखरवाटवर किल्ली कुठेच ठेवलेली नसते. आत्याच्या डोक्यात एक वाक्य असतं. ते वाक्य दळलं, की जे पीठ निघतं तीच पेटीची किल्ली. वाक्यात तसूभर फरक पडला, तर पीठ साफ वेगळं. थोडीशी चुकलेली किल्ली असा प्रकारच नाही. एक तर बरोबर, नाही तर अगदीच चूक. आणि पेटीला लाखेसारखी मोहोर असते. किल्ली चुकीची असेल तर पेटी आतलं काहीबाही दाखवत नाही, सरळ नाही म्हणते.”

सगळ्यांनी लाल अक्षरांकडे पाहिले. पेटी तर सकाळपासून सरळ नाहीच म्हणत होती.

“म्हणजे वाक्य चुकतंय,” ऋजुता हळूच म्हणाली. “आजोबा, तुम्हाला नक्की आठवतंय ना?”

आजोबांनी बाहेर नजर वळवली. “मला वाटतं, आठवतंय,” ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता.

ऋजुताला ते मुळीच आवडले नाही. “आत्यालाच विचारू या!”

अंटार्क्टिकाच्या तळावर हिमवादळ होऊन गेले होते. तिथला मोठा अँटेना मोडला होता, त्यामुळे संगणकाची जोडणी नव्हती. फक्त आवाज जाऊ शकेल असा एक रेडिओ चालू होता. चिमट्याने जोडणी लावली आणि बऱ्याच खरखरीनंतर आवाज आला.

“बाबा? काय झालं? बरे आहात ना?”

“मी बरा आहे. वैजू, म्हाताऱ्यांची पेटी उघडायची आहे.”

“म्हाताऱ्या?” ऋजुताने कुजबुजून विचारले.

“गिधाडांना ती म्हाताऱ्या म्हणते,” आजोबा तितक्याच हळू म्हणाले. “टक्कल, बाक आलेली मान, आणि उन्हात पाठ शेकत बसायची सवय.”

“मग उघडा की,” आत्या म्हणाली. “पण बाबा, वाक्य इथे बोलू नका हं! ही उघडी लहर आहे. या समुद्रावरची निम्मी जहाजं कान लावून बसलेली असतात. मलाही घरटी इथून सांगता येणार नाहीत.”

आता आली का पंचाईत! वाक्य बरोबर आहे का, हे वाक्य न उच्चारता कसे विचारायचे? आजोबांनी क्षणभर विचार केला.

“वैजू, एवढंच सांग. त्या वाक्याला तेल लागतं का?”

रेडिओवर आधी खरखर आली आणि मग आत्याचे खळखळून हसणे. “भरपूर! कढईभर!”

“आणि पोट बिघडेल असं आहे?”

“खाल तेवढं बिघडेल. बाबा, तुम्हाला सगळं बरोबर आठवतंय. तुमच्या आवाजावरूनच कळलं मला. अरे देवा, पुन्हा वादळ...”

आवाज तुटला. आजोबांनी रेडिओ बंद केला आणि ते ताठ बसले. त्यांचा चेहरा उजळला होता.

“वाक्य बरोबर आहे,” ते म्हणाले.

“मला सांगाल?” ऋजुताने विचारले.

आजोबांनी तिच्या कानात सांगितले. वाक्य होते : ‘साऱ्या म्हाताऱ्या दऱ्याखोऱ्यांत भजी तळतात’. ऋजुता इतकी हसली, की बोरांची वाटी कलंडली.

“किल्ली अशीच हवी,” आजोबा म्हणाले. “सांगणाऱ्याला विसरता येऊ नये आणि चोराच्या स्वप्नातही येऊ नये.”

“मग चिमट्यानंच चुकीचं लिहिलं! दऱ्याच्या जागी ‘दर्या’ लिहिलं असेल. दर्या म्हणजे समुद्र. साऱ्या म्हाताऱ्या समुद्रात भजी तळायला गेल्या असतील.”

चिमट्याने निमूटपणे वाक्य पडद्यावर दाखवले. ते अचूक होते. दऱ्या म्हणजे दऱ्याच, एकही रफार चुकून वर चढला नव्हता.

“माफीची अपेक्षा नाही,” चिमटा म्हणाला, “पण आली तर स्वीकारीन.”

ऊन कलायला लागले होते. किल्ली बरोबर, लिहिणारा बरोबर, कुलूप आजोबांनी स्वतः बनवलेले. तरीही नाही!

ऋजुताला राहवेना. पेटी उघडत नसेल तर दुसरी काही वाट निघते का ते पाहावे, म्हणून तिने पाखरवाटवरचे आत्याचे उघडे पान काढले. आत्या तिथे सगळ्यांसाठी डोंगरातल्या गमतीजमती लिहीत असे. पान लांबलचक होते. कुठल्या कड्यावर म्हाताऱ्या दिसल्या असे काही तिने लिहून ठेवले असेल तर शोधावे, असा विचार करून ऋजुताने शोधाच्या चौकटीत ‘म्हाताऱ्या’ असा शब्द दिला.

उत्तर आले : ‘हा शब्द या पानावर नाही.’

ऋजुताने पानाकडे पाहिले. पहिल्याच ओळीत लिहिले होते, ‘आज म्हातार्‍या उशिरा उठल्या.’ दुसऱ्या परिच्छेदात पुन्हा, ‘दोन म्हातार्‍या भांडल्या.’

तिने पुन्हा शोधले. पुन्हा तेच, नाही.

“आजोबा, हे बघा ना! हा शब्द माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि हे म्हणतं, नाही. ‘कडा’ शोधला तर सापडतो. ‘ऊन’ सापडतं. म्हाताऱ्याच सापडत नाहीत.”

आजोबा खुर्चीतून उठले. वाकून त्यांनी पान पाहिले, चौकट पाहिली, पुन्हा पान पाहिले. मग हळूच म्हणाले, “चिमटा, ऋजूनं लिहिलेला शब्द आणि वैजूनं लिहिलेला शब्द, दोन्ही एकेक चिन्ह सुटं करून वाच.”

“ऋजूताईंचा शब्द,” चिमटा वाचू लागला. “म, पाय मोडल्याची खूण, ह, काना, त, काना, खाली टिंब असलेला र, पाय मोडल्याची खूण, य, काना. आता वैजूताईंचा. म, पाय मोडल्याची खूण, ह, काना, त, काना, साधा र, पाय मोडल्याची खूण, एक न दिसणारी जोडखूण, य, काना.”

“न दिसणारी?” ऋजुता ओरडली. “न दिसणारं अक्षर असतं?”

“असतं,” आजोबा म्हणाले आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून हसू लागले. “अगं, आपल्या मराठीत र ची एक खोड आहे. अर्धा र पुढच्या अक्षराला मिळाला, की तो रफार होऊन डोक्यावर चढतो. सूर्य, दर्या. पण दऱ्या, म्हाताऱ्या, खोऱ्या यांत तो डोक्यावर चढत नाही, आडवा होऊन य ला बिलगतो. संगणकाला हा आडवा र लिहायला शिकवताना दोन रीती पडल्या. एकीत टिंबाचा वेगळा र वापरतात. दुसरीत साधाच र घेऊन एक अदृश्य खूण घालतात. ती खूण संगणकाला म्हणते, याला डोक्यावर चढू देऊ नकोस. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात.”

“म्हणून आपल्याला कळलं नाही!”

“आपल्याला नाही, पण जात्याला कळतं. जातं आकार बघत नाही, चिन्हं दळतं. एक चिन्ह वेगळं पडलं की पीठ वेगळं. वैजूचा कीबोर्ड जुना आहे, ती तो कुणाला हात लावू देत नाही. तो दुसऱ्या रीतीनं लिहितो आणि चिमटा पहिल्या रीतीनं. दोघंही बरोबर! फक्त माझ्या कुलपाला मराठी नीट शिकवायचं राहून गेलं.”

“मग आत्याचा कीबोर्ड आणू या!”

“तो तिच्याबरोबर अंटार्क्टिकाला गेलाय.”

ऋजुताने ओठ चावला. मग तिचे डोळे चमकले. “नकोच आहे कीबोर्ड! आत्याचा आडवा र या पानावर पडलाय की. तोच उचलते.”

तिने आत्याच्या पानावरून ‘म्हातार्‍या’ हा शब्द उचलला आणि वाक्यात ठेवला. ‘साऱ्या’मधला र तसाच बदलला. ‘दऱ्या’मधलाही. मग श्वास रोखून कळ दाबली.

‘ही किल्ली या पेटीची नाही.’

ऋजुताचा चेहरा उतरला. भिंतीवरचा फोन पुन्हा वाजू लागला. जमादारकाका होते. चिमट्याने फोन घेतला आणि म्हणाला, “कृपया थोडे थांबा. इथे भजी तळणे चालू आहे.”

“वाक्य सावकाश वाच,” आजोबा ऋजुताला म्हणाले. “बोट ठेवून वाच. घाई नाही.”

ती बोट ठेवून वाचू लागली. “साऱ्या... बदलला. म्हाताऱ्या... बदलला. दऱ्या... बदलला. खोऱ्यांत...” बोट थांबले. “खोऱ्यांत राहिला! शब्दाच्या पोटात आहे म्हणून दिसलाच नाही.”

तिने तो र बदलला आणि कळ दाबली.

लाल अक्षरे आली नाहीत. पडदा क्षणभर कोरा राहिला आणि मग दऱ्यांचा नकाशा उमटला. त्यावर एकेक ठिपका उजळू लागला. ऋजुता प्रत्येक ठिपक्याबरोबर खाली वाकत होती. सगळे उजळून झाल्यावर तिने दोन्ही दऱ्यांवर बोट फिरवून ते मोजले.

सोनघळीत दोनच घरटी होती आणि तीही अगदी तोंडाशी. बाकीची सगळी, एकाला एक लागून, काळदरीच्या पश्चिम कड्यावर होती. जमादारांनी भलेपणाने निवडलेली वाट त्यांच्या पुढ्यातूनच जात होती.

“मग सोनघळीवर ती घिरट्या का घालतात?” तिने विचारले.

“सोनघळ उघडी आहे. तिथले खडक लवकर तापतात, गरम हवा वर चढते आणि पंख न हलवता उंच जाता येतं. ते त्यांचं मैदान आहे.”

आजोबांनी फोन घेतला. “जमादार, काळदरी सोडा. वाट सोनघळीतून न्या, पण पूर्वेच्या अंगानं, उंचावरून आणि खडक तापून गिधाडं वर चढायच्या आत. मी टाळायचा पट्टा पाठवतो.”

“पट्टा कशाला, सर? ठिपकेच पाठवा. मी नीट वळवतो.”

आजोबा काही बोलायच्या आत ऋजुताच म्हणाली, “नाही, काका. ठिपके तुमच्या केंद्रातल्या दहा जणांना दिसतील. ड्रोनला कुठे जायचं नाही एवढंच कळलं की पुरे. घरटं नेमकं कुठे आहे ते त्याला काय करायचंय?”

जमादार मोठ्याने हसले. “सर, ही पोरगी तुमच्या वरताण निघणार. बरं बाई, पट्टा तर पट्टा. रुंद पाठव.”

तिने आजोबांच्या मदतीने पट्टा आखला. तो इतका रुंद ठेवला, की तो पाहून कोणालाही घरट्याची जागा ओळखता येऊ नये.

जेवणाआधी आजोबांनी कुलूप दुरुस्त करायला घेतले. दळायच्या आधी सगळे आडवे र एकाच रीतीचे करून घ्यायचे, म्हणजे कोणत्याही कीबोर्डवर लिहिले तरी पीठ एकच निघेल. ऋजुताने लगेच अडवले. “थांबा! तसं केलंत तर जुनी पेटी नव्या किल्लीनं उघडणार नाही.”

“म्हणून आधी जुन्या किल्लीनं उघडायची, मग नव्या किल्लीनं बंद करायची,” आजोबा म्हणाले. “उलटता येतं याचा हाही फायदा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघे गावाबाहेरच्या टेकडीवर गेले. थंडी चांगलीच होती. चिमटा थर्मास घेऊन मागून येत होता आणि दवाने सांधे गंजतील म्हणून कुरकुरत होता. सूर्य वर आला तसे औषधांचे ड्रोन एकामागून एक सोनघळीच्या पूर्वेकडून उंच निघून गेले. काळदरीकडे एकही ड्रोन फिरकला नाही. दुर्बिणीतून ऋजुताला तिथे एक गिधाड दिसले. ते कड्याच्या खोबणीत पंख पसरून बसले होते आणि त्याच्या सावलीत कापसाच्या गोळ्यासारखे काहीतरी हलत होते.

“पिल्लू!” ती ओरडायचीच, पण तिने तोंडावर हात धरला आणि ते कुजबुजून म्हटले. मग दुर्बीण आजोबांना दिली.

आजोबांनी पुष्कळ वेळ पाहिले. “वैजूला सांगायला हवं. उघड्या लहरीवर नाही मात्र.”

“आजोबा,” ऋजुताने विचारले, “ही कुलपं कायमची लावून ठेवायची का?”

“तुला काय वाटतं?”

ती काळदरीकडे पाहत राहिली. “समजा, मी आत्याएवढी होईपर्यंत खूप गिधाडं झाली. कावळ्यांसारखी, कुठेही. आणि माणसंही कड्यावर चढून आरडाओरडा करेनाशी झाली. मग कशाला हवं कुलूप? मग मी साऱ्या म्हाताऱ्यांची पेटी उघडीन आणि उघडीच ठेवीन. शाळेतल्या मुलांना नकाशा दाखवीन, की बघा, पूर्वी इतकीच होती.”

“म्हणून तर,” आजोबा म्हणाले, “उघडता येईल असं कुलूप लावायचं.”